पाच मापटी तूर

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मीनाक्षीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सोमवारी, दहा तारखेला मिळाला. उत्तराला उशीर झाला. नाशिकला थंडी पडली असेल. इथं सकाळी फिरायला निघताना स्वेटर लागतो. माझी तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे. जेवणाचा डबा शेजारच्या गल्लीतून लावला आहे. बरा असतो.

तू लिहिलंस की ताईची मापं ग्रॅममध्ये करून पाठवा, तिचं वरण, पुरण, उसळी सगळं वहीत उतरवून ठेवायचं आहे. कामाची गोष्ट आधी लिहितो.

मापटं म्हणजे तेच, तुमच्या आईनं लग्नात फर्दापूरहून दिलेलं पितळी, बसकं. त्यात पाणी भरलं तर अर्धा लिटर बसतं. तूर डाळ एका मापट्यात पाचशे पाच ग्रॅम. हरभरा डाळ बरोबर पाचशे. उडीद डाळ पाचशे तीस. मूग डाळ आणि मसूर डाळ पाचशे वीस. चवळी चारशे पासष्ट, काबुली चणे चारशे चाळीस. दाणा मोठा असला की मध्ये मोकळी जागा राहते, म्हणून वजन कमी भरतं. त्यामुळं एका डाळीचा आकडा दुसरीला लावू नकोस. पुरणाला ती दोन मापटी डाळ घ्यायची, म्हणजे एक किलो, आणि गूळ आठशे ग्रॅम. प्रत्येक जिन्नस तीन वेळा तोलून सरासरी काढली आहे.

हे सगळे आकडे शिगेचे आहेत. काठाच्या वर डाळीचा जो ढीग राहतो तो धरून. तुझी ताई डावा हात मापट्याच्या कडेला लावून तो ढीग सांभाळायची. काठाला सपाट करून तोललंस तर पाचव्या हिश्शानं कमी भरेल आणि सगळंच चुकेल.

यासाठी डाळी मोंढ्यातल्या दुकानातून नव्या आणाव्या लागल्या. घरातले डबे मार्चनंतर उघडलेच नव्हते. हरभरा डाळीच्या डब्याचं झाकण काढलं तर आत जाळी धरली होती, अळ्या होत्या, आणि बारीक पाखरं माझ्या तोंडावर उडाली. सात डबे रिकामे केले. हाताचा वास दोन दिवस गेला नाही. ते करताना समोर भिंतीवर मी केलेला वजनांचा तक्ता दिसत होता. लॅमिनेशन केलेला, अजून कोरा करकरीत. अळ्यांपेक्षा मला त्या तक्त्याची जास्त शिसारी आली. तो तू पाहिला आहेस.

शनिवारी पत्र इथंच संपवून पाकीट चिकटवलं होतं. रविवारी तुझ्या हिमानीचा फोन आला. ती म्हणाली, "काका, आई हल्ली चाव्या कुठं ठेवल्या तेसुद्धा वहीत लिहिते. दोन डिसेंबरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. फॉर्ममध्ये घरात कुणाला विसरण्याचा आजार होता का असं विचारलंय, तर आईनं मावशीचं नाव भरलंय. तुम्ही तिला जरा समजवा ना. मला म्हणते, विसरायच्या आत सगळं लिहून ठेवते."

मी तिला बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग पाकीट फाडलं आणि आज सगळं पुन्हा लिहायला घेतलं.

मीनाक्षी, तुझ्या ताईला तो आजार नव्हता. फॉर्ममधलं ते नाव खोड.

फोनवर मला हे सांगता येणार नाही. तू मध्ये काही बोललीस की मी थांबेन, आणि थांबलो की पुन्हा सुरू करणार नाही. मला मी ओळखतो. म्हणून लिहितो, आणि हे स्पीड पोस्टानं पाठवतो, म्हणजे दोन तारखेच्या आत पोचेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झालो. चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली, तराजू, चंचुपात्रं आणि मुलांच्या चुका. घरी आलो तर करायला काही नव्हतं. करुणाचे जेवणाचे तीस डबे घरून चालू होते. कॉलेजची पोरं वेळेवर डबे न्यायची, कडूबाई पोळ्या लाटायची, सगळं सुरळीत होतं. मला ते बघवलं नाही असंच म्हणायला हवं. तिचं मापटं बघून मी म्हटलं, हे काय शंभर वर्षांपूर्वीचं. आपण सगळं वजनावर करू. ती म्हणाली, "कशाला? बिघडलंय का काही?" मी म्हटलं, बिघडलं नाही, पण शास्त्रशुद्ध नाही.

काटा आणला. एक मापटं तूर भरली, पट्टीनं काठाला सपाट केली, कारण माप असंच घ्यायचं असतं हे मी मुलांना चौतीस वर्षं सांगत आलो. चारशे दहा ग्रॅम. तोच आकडा सगळ्या डाळींना लावला. वेगळं तोलायचा कंटाळा केला. तक्ता छापून आणला आणि मापटं माळ्यावर टाकलं. तिला एकदाही विचारलं नाही की तू कसं भरतेस.

जुलैपासून पोरं म्हणायला लागली, काकू, वरण पातळ झालंय. ती मला म्हणायची, "अहो, डाळ कमी पडतेय." मी तिला तक्ता दाखवायचो. ती म्हणायची, "तक्त्यात असेल, पातेल्यात नाहीये." मग मी आवाज न चढवता समजावून सांगायचो. मी आवाज कधी चढवत नाही हे तुला माहीत आहे, सगळे त्याचं कौतुक करतात. मी शांतपणे म्हणायचो, "करुणा, तू विसरायला लागली आहेस." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "हो का? मग तुमचा चहा विसरते आज."

ऑगस्टपासून मी एक वही ठेवली. तारीख, काय घडलं, ती काय बोलली. एकदा गॅस चालू राहिला, ते लिहिलं. एका डब्यात लोणचं राहिलं, ते लिहिलं. आणि डाळीवरून वाद झाला की तो प्रत्येक वेळी लिहिला. त्या वर्षात मी स्वतः दोनदा गाडीची चावी गाडीलाच ठेवून आलो. ते वहीत नाही.

दिवाळीला तू आलीस, तेव्हाचं तुला आठवत असेल. पाडव्याच्या दिवशी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "भाऊजी, ताईला ओट्यापासून दूर करू नका. तिचा जीव त्यात आहे." मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, तू स्वतः बघ. मग मी काट्यावर परात ठेवली आणि करुणाला म्हटलं, पाच मापटी तूर ओत. मापटं नाही, नुसत्या अंदाजानं.

तिनं पदराला हात पुसले. तुझ्याकडं बघून म्हणाली, "परीक्षा आहे गं माझी." आणि पोत्यातून ओंजळीनं डाळ घालत गेली. मध्ये एकदा थांबली, परातीकडं बघितलं, अर्धी ओंजळ आणखी टाकली. म्हणाली, "झाली."

काट्यावर दोन हजार पाचशे तीस आले. तक्त्याप्रमाणे दोन हजार पन्नास हवे होते. मी म्हटलं, बघ मीनाक्षी, जवळजवळ अर्धा किलो चुकली. आणि तू तिचा हात धरून म्हणालीस, "ताई, काटा खोटं बोलत नाही गं."

 ती डाळ परत पोत्यात भरत बसली. खाली सांडलेले दाणेसुद्धा एकेक करून उचलले. मी त्याच रात्री वहीत आकडा लिहिला.

त्या वाक्याचं तू काही वाटून घेऊ नकोस. काटा बरोबर होता. त्याच्या शेजारी खोटा तक्ता ठेवणारा मी होतो. वर दिलेला तुरीचा आकडा घे आणि पाचनं गुण. दोन हजार पाचशे पंचवीस येतात. ती नुसत्या हातानं पाच ग्रॅमनं चुकली होती. शाळेत एखाद्या मुलानं इतकं अचूक काम केलं असतं तर मी सरांना बोलावून आणून दाखवलं असतं.

नोव्हेंबरअखेर तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला विचारलं, काय त्रास होतो? ती म्हणाली, "मला काही होत नाही, यांना विचारा." मी वही पुढं केली. म्हटलं, तीस वर्षांची सवय आहे, तरी डाळीचं माप रोज चुकतं. डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, इतकं व्यवस्थित फार कमी लोक लिहून आणतात. मला बरं वाटलं. त्यांनी विसरण्याच्या आजाराच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्याच आठवड्यात मी तिचे डबे बंद केले.

परवा मी त्यांच्याकडे जाऊन फाइल काढायला लावली. त्या दिवशी तिच्याकडून प्रश्नांचा एक कागद सोडवून घेतला होता. तीसपैकी सत्तावीस. डॉक्टर म्हणाले, "काका, हा कागद तर चांगला आहे. पण रोजच्या कामातला फरक घरच्यांनाच कळतो, आणि तुम्ही एवढी वही आणली होती." त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. मेंदूच्या फोटोतही काही नव्हतं, तो अहवालही जोडला आहे. तुझ्या डॉक्टरांना दोन्ही दाखव.

आणि वहीही पाठवतो आहे. ती वाच असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट त्यात आहे. गेल्या आठवड्यात मी वहीतल्या वादांच्या तारखा आणि त्या दिवशीची डाळ असं शेजारी शेजारी मांडलं. चवळीच्या दिवशी ती फारसं बोलायची नाही, कारण चवळीत माझी चूक पन्नास-पंचावन्न ग्रॅमचीच होती. तुरीला कुरकुरायची. उडदाच्या दिवशी सगळ्यात जास्त भांडायची, आणि उडदाला मी मापट्यामागं एकशे वीस ग्रॅम मारत होतो. मी तिचं डोकं बिघडल्याचा पुरावा म्हणून जे लिहीत होतो, त्यात तिनं माझी चूक ग्रॅमपर्यंत सांगून ठेवली होती.

*

२० नोव्हेंबर

काल इथं थांबलो. वाटलं, एवढं पुरे. ताईचं नाव फॉर्ममधून निघेल, म्हणजे झालं. पण वरचं वाचलं तर त्यात असं दिसतं की मला हे सगळं आत्ता, तू विचारल्यावर कळलं. तसं मी कुठं लिहिलेलं नाही, पण तसं वाटावं अशी वाक्यं ठेवली आहेत. ती मीच ठेवली आहेत. 

मी ती तूर पहिल्यांदा शिगेनं तोलली गेल्या वर्षी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. करुणा तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती.

डबे बंद करून दहा दिवस झाले होते. कडूबाई तिचं पोळपाट न्यायला आली. दारात उभी राहिली, जाईना. म्हणाली, "दादा, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"वैनीचं माप शिगंचं व्हतं. तुमी लावलं ते सपाट. म्हनून डाळ कमी पडायची. वैनीचं डोकं बरं हाय."

मी तिला काय म्हटलं ते लिहितो. मी म्हटलं, "तुला काट्यावरचे आकडे वाचता येतात का?"

ती म्हणाली, "आकडं नाय येत. पन तीस डब्यांचं वरण रोज मीच घोटायचे की. रवीला लगेच कळतं, डाळ हाय का पानी." मग पोळपाट पिशवीत घातलं. जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा वळून म्हणाली, "तिला त्या गोळ्या लई देऊ नका, दादा. तोंड बगा तिचं कसं झालंय."

ती गेल्यावर मी माळ्यावरून मापटं काढलं. शीग धरून भरलं. पाचशे पाच. पुन्हा भरलं. पाचशे सात. वही काढून पाडव्याचा आकडा बघितला. सगळं एका मिनिटात समजलं. इतकी वर्षं तराजूशेजारी काढलेल्या माणसाला समजायला वेळ लागत नाही.

मग मी डाळ परत ओतली, मापटं पुसून माळ्यावर ठेवलं आणि बाहेर पेपर वाचत बसलो. साडेचारला ती उठली. म्हणाली, "कडूबाईचा आवाज आला का?" मी म्हटलं, नाही.

का, असं तू विचारशील. मोठं कारण असतं तर लिहायला बरं पडलं असतं. तुला फोन करायला लागला असता. डॉक्टरांना सांगायला लागलं असतं, कडूबाईला बोलवायला लागलं असतं, तीस पोरांना पुन्हा निरोप द्यायला लागले असते. सगळ्यांपुढं मी चुकलो असं म्हणायला लागलं असतं. मला त्याचा कंटाळा आला. लाज वाटली असं लिहिणार होतो, पण कंटाळा हाच शब्द खरा आहे. शिवाय डबे बंद झाल्यावर घर शांत झालं होतं. दुपारी झोप लागायची. मी म्हटलं, संक्रांतीनंतर बघू. संक्रांतीनंतर म्हटलं, गोळ्यांनी काही नुकसान तर नाही.

गोळ्यांनी तिला मळमळायचं. अन्न नको व्हायचं. ती मार्चमध्ये न्यूमोनियानं गेली हे खरं आहे, त्यात मी काही फिरवून सांगितलेलं नाही. पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

तेराव्याला पंगत उठल्यावर एकेक जण माझ्याजवळ येऊन म्हणत होता, "मुकुंदराव, तुम्ही फार केलंत हो तिचं." कुणी म्हणालं, अशा माणसाला सांभाळणं सोपं नसतं. तूही रडत म्हणालीस, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून." मी मान हलवत होतो. ते पुरण, ते तूप, ते हात धुणारे लोक, आणि मध्ये मान हलवणारा मी. त्यानंतर पुरणाचा वास आला की मला उठून जावं लागतं. तुझ्यासाठी ते प्रमाण लिहिताना खिडकी उघडून बसलो होतो.

अजून एक राहिलं. ते सगळ्यात वाईट आहे, म्हणून राहिलं.

डिसेंबरपर्यंत ती माझ्याशी भांडत होती. जानेवारीत भांडण थांबलं. ती मला विचारायला लागली. "अहो, मी मीठ घातलं का?" मी म्हणायचो, घातलंस. "नक्की? तुम्ही बघितलंत?" आंघोळ केली का, देवापुढं दिवा लावला का, तुला फोन केला का, सगळं मला विचारायची. सगळं तिला आठवत असायचं, पण तिचा त्यावर विश्वास उरला नव्हता. मला माहीत होतं की तिला आठवतंय. मी फक्त हो म्हणायचो. तीन महिने. तिला एका वाक्यात सोडवता आलं असतं. तेही जेवताना, पाणी पुढं करता करता सांगता आलं असतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सनं तिला विचारलं, आजी, सकाळी काही खाल्लं का? ती म्हणाली, "मला नका विचारू. यांना विचारा. माझं काही खरं नाही." त्यानंतर ती बोलली नाही. तुला मी सांगितलं होतं की तिनं शेवटी तुझं नाव घेतलं. ते मी बनवून सांगितलं होतं.

आता तू काय करायचं ते लिहितो. दोन तारखेला जाशील तेव्हा सोबतचे कागद ने आणि मोठ्या बहिणीला काहीही नव्हतं असं सांग. माझा नंबर डॉक्टरांना दे. त्यांनी विचारलं तर हे मी तोंडानंही सांगेन. तुझ्या चाव्या हरवत असतील, तर त्या चाव्याच आहेत. त्यापलीकडं काही निघालं तरी ते तुझं स्वतःचं निघेल, तिच्याकडून आलेलं नसेल.

कडूबाई आता मिटमिट्याला एका शाळेत पोषण आहार शिजवते. काल तिच्याकडे जाऊन आलो. मी म्हटलं, तू बरोबर होतीस. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला काय सांगता, दादा. मला म्हाईतच व्हतं." मला पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

मार्चमध्ये वर्षश्राद्धाला सगळे जमतील. पंगत बसायच्या आधी उभा राहून मी हे सगळ्यांना सांगणार आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन, आली नाहीस तरी सांगेन. तोपर्यंत तुला कुणाला सांगायचं असेल तर सांग, माझं नाव घेऊन सांग.

तुझी क्षमा मागत नाही. तू ती दिलीस तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं याची मला आता किळस येते.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली 'तुझे भाऊजी' असं लिहीत आलो. या वेळी नाव तेवढं लिहितो.

मुकुंद